दोष न उतरवता

बेताफू, ३ जून

ताहिरी,

पत्राच्या सुरुवातीला मी दोष उतरवलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरलो नाही, मुद्दाम उतरवला नाही. कबारीला उभं राहून चार माणसांत तोंड उघडण्याआधी 'मी लहान आहे, माझ्याआधी बोलायचा मान असलेले वडीलधारे इथे बसलेत, माझ्या बोलण्याचा दोष कुणाला न लागो' असं म्हणायचं असतं, हे बाबांनी आपल्याला दुधाचे दात पडायच्या आत शिकवलं. पण ते मोठ्यांसाठी आणि परक्यांसाठी. तू यांतला कोण ते मला ठरवता येत नाही, म्हणून तसंच सुरू करतो.

माझ्या हिरानाचं लग्न ठरलंय. मुलगा आंबातुलांपीचा, तुकी नाव, घरात ॲल्युमिनियमची भांडी ओततात. माणसं बरी आहेत. काल त्यांच्याकडचे दोघे आले, भाताच्या खरपुडीचं गरम पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि निघता निघता उंबऱ्यात म्हणाले, "मागणीच्या दिवशी आमच्या बाजूने कबारी करायला ताहिरी मास्तर येणार आहेत. राजधानीतून, तानाहून!"

मला सांग, आंबातुलांपीत बोलणारे संपले का? मुलीच्या बाजूने मी स्वतः बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बापाने बोलू नये म्हणतात. माझ्याएवढा दुसरा आणून दाखवा म्हटलं, मग बसतो. चाळीस वर्षं मी लोकांच्या मुली दिल्या, आता आपली द्यायला एकदाच उभं राहायचंय. आणि समोर कोण, तर ज्याने अकरा वर्षांत या घराचा उंबरा ओलांडला नाही तो. मुलीकडच्याने मुलाकडच्याला अडवायचं, चुकला की दंड लावायचा, ही रीत. म्हणजे तू माझ्याकडून अडवून घ्यायला आपल्या पायाने येतोयस. असा माणूस मनात काही तरी धरूनच येतो.

तुझा राग मला माहीत आहे. बाबांच्या अस्थी थडग्यातून बाहेर काढून रीतीप्रमाणे नवी वस्त्रं गुंडाळली त्या दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर मी तुला दुकानदार म्हणालो. अजून म्हणतो. जी विद्या बाबांनी आपल्याला शेताच्या बांधावर उभं करून, पलीकडच्या बांधावरून स्वतः ऐकत, वर्षानुवर्षं दिली, ती तू बँकेतल्या कारकुनांना सहा आठवड्यांत विकतोस. तुझ्या वर्गात आरसा आहे म्हणे. आरशाशी बोलून कुणाचं मन वळलंय?

आणखी एक. माझ्याबद्दल तुला कुणी काही सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. इस्टरला सुताराच्या मयतात मी बोलता बोलता थांबलो, त्यावरून लोकांनी काहीबाही उठवलंय. मी थांबलो होतो, एवढंच. थांबावं कुठे हे ज्याला कळतं तोच बोलणारा. फोनवर मी येत नाही तो चेहरा दिसत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही.

नाही म्हणून कळव. माझ्या या एका दिवसात माती कालवू नकोस.

रांद्रिया


बेताफू, १२ जून

ताहिरी,

तुझं उत्तर मिळालं. गोड आहे. इतकं गोड की मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, मुंग्या कुठून लागतात ते. 'दादा, तुमच्यासमोर उभं राहायला मिळणं हाच माझा मान.' हे तू तुझ्या कारकुनांना शिकव. मला खरं काय ते हवंय.

सोबतचा डबा उघडला. हातात धरायचा माइक आणि कमरेला लावायचा भोंगा! म्हणजे माझा आवाज पोचत नाही, असं कुणी तरी सांगितलेलं दिसतंय. बोलताना सगळ्यांत मागची, कानाने अधू असलेली म्हातारी हेरायची आणि फक्त तिच्याशी बोलायचं. तिने मान हलवली की अंगणभर पोचलं. भोंगा कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलाय. कोंबडा त्यावर बसतो.

आणि दिवस उजाडण्याआधी भेटू म्हणतोस. दोन्हीकडचे बोलणारे आधी भेटतात, कोण कधी उठणार, कुठे अडवायचं, किती ताणायचं हे ठरवतात, ही रीत मला ठाऊक आहे. रीत तू मला शिकवू नकोस. पण तुझ्याबरोबर कसलं ठरवणं? तू समोर बसून माझी चाचपणी करणार, कुठे कच्चा आहे ते हेरणार आणि त्या दिवशी नेमका तिथे घाव घालणार.

तुझी वहिनी बाकुली म्हणाली, "भेटून या की. भाऊ आहे."

"भाऊ आहे म्हणूनच."

"काय बोलायचं तेवढं ठरवून घ्या. तुम्हाला सोपं जाईल."

"सोपं? मला कशाला सोपं जायला हवं?"

ती शेगडीकडे वळली. कोळसे चांगले पेटलेले होते, तरी फुंकत बसली. या घरात हल्ली माझ्या बोलण्याला कुणी सरळ उत्तर देत नाही. परवा मी मीठ मागितलं, तर मायलेकी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मीठच मागितलं होतं. त्या म्हणतात टोपी मागितली. टोपी माझ्या डोक्यावर असताना मी टोपी कशाला मागेन?

येणारच असशील तर ये. तुझी जुनी खोड मात्र सांभाळ. वाक्याचा शेवट गिळतोस तू. माझ्या अंगणात गिळलास तर पहिला दंड त्याचा.

रांद्रिया


बेताफू, २५ जून

ताहिरी,

मंगळवारी तू अंत्सिराबेला, बाजाराजवळच्या चिनी सूपवाल्याकडे बसला होतास. मी येणार नाही असं कळवलेलं असताना बसला होतास. दोन वाडगे मागवलेस, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलास. दोन्ही निवून गेले. मला हे एका हातरिक्षावाल्याने सांगितलं. टोपी मांडीवर होती, कपाळावरचे केस बाबांसारखेच मागे हटलेत, आणि पैसे देताना तू त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलंस, हेसुद्धा त्यानेच सांगितलं. चौकस माणूस होता.

तू तिथे नुसता सूप प्यायला आला नव्हतास. माझ्या घरातलं कुणी तुला बातम्या पुरवतं, याची आता खात्री झाली. कोण ते सांगू? तुझी पुतणी. रोज तिन्हीसांजेला ती फोन घेऊन डुकरांच्या गोठ्यामागे जाते. नवऱ्या मुलाशी बोलत असेल म्हणून मी सोडून दिलं. काल गेलो मागोमाग. फोन नव्हताच. ही बया एकटी उभी राहून माझी कबारी म्हणत होती. पहिल्यापासून, माझ्या सगळ्या हेलांसकट.

"काय चाललंय?"

"डुकरांना साली घालतेय, बाबा."

"आणि कबारी कुणाला ऐकवत होतीस? त्यांनाच?"

"पाठ करतेय. आवडते म्हणून."

"माझी कबारी तू कशाला पाठ करायचीस? मी मेलो का?"

"तसं नाही हो. त्या दिवशी एखादा शब्द इकडेतिकडे झाला, तर जवळून कुणी तरी..."

"कुणाचा शब्द?"

बादली तिथेच टाकून ती रडत आत गेली. मागणीच्या दिवशी नवरी मुलगी बापाच्या कानात शब्द पुटपुटणार! असली बेअब्रू करून घेण्यापेक्षा मी अंगणात पाऊल टाकणार नाही. सगळे मिळून मला खाली बसवायला निघालेत आणि त्यांचा म्होरक्या तू आहेस.

मला काही झालेलं नाही. आज सकाळीच तळ्याकाठी जाऊन सगळी कबारी म्हटली. दोष उतरवला, पूर्वजांचे आभार मानले, मग मुलीच्या त्या... लहानाचं मोठं करण्याला काय म्हणतात ते, तिथे थोडा अडखळलो. ऐन हिवाळ्यातली थंडी होती, गवतावर पांढरं पडलं होतं. घरी येऊन शेकत बसलो तेव्हा आठवलं. वाढवणूक. साधा शब्द आहे. मुलीची वाढवणूक.

कागदावर शब्द असे हरवत नाहीत. कागद थांबतो माणसासाठी.

रांद्रिया


बेताफू, १ जुलै

ताहिरी,

गाडीच्या ड्रायव्हरकडे ही चिठ्ठी देतोय. परवा तुम्ही याल. वऱ्हाडाला डाळिंब्या आणि डुकराचं मांस, भात भरपूर. तुझ्यासाठी बाकुलीने कसावाच्या पाल्याचं वेगळं शिजवायचं ठरवलंय. मी अडवलं नाही.

अट एकच. तुझी पाळी येईल तेव्हा पोटभर बोल. मी उभा असताना तोंड उघडायचं नाही. मी थांबलो तर तो थांबा माझा आहे.

रांद्रिया


बेताफू, ६ जुलै

निर्लज्ज माणसा,

तीन दिवस मी हातात कागद घेतला नाही, काही तरी भलतं लिहून बसेन म्हणून. आता लिहितो.

तू आधी चांगला बोललास. कबूल. अंगणाच्या कडेला उभा राहिलास, दोष उतरवलास, आमच्या मेलेल्यांची नावं घेतलीस, बाकुलीच्या आईचं माहेरसुद्धा विसरला नाहीस. खोट काढायला मी कान टवकारून बसलो होतो, एक सापडेना. एकही शेवट गिळला नाहीस. क्षणभर मला वाटलं बाबाच बोलतायत, आणि त्याचाही मला राग आला.

मग मी उठलो. शाल सारखी केली, दोष उतरवला, आभार मानले आणि श्वास घ्यायला थांबलो. श्वास घ्यायला, ताहिरी! तेवढ्यात तू बसल्या जागेवरून ओरडलास, "मायबाप, मुलगी आणा बघू लवकर. उन्हं कलली, आमची गाडी चुकेल!"

शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. मुलीकडचा उभा असताना मध्ये तोंड घालायचं, तेही दोष न उतरवता, आणि बोलायचं काय तर गाडी! बायकांनी तोंडाला पदर लावले. मग मात्र माझी जीभ सुटली.

"कोण बोललं ते?" मी म्हणालो. "आंबातुलांपीकर मुलगी मागायला आलेत की बाजारात कोंबडी? घाई आहे तर चालत जा! हिच्या आईला नमस्कार केलास? हिची वाढवणूक कुणी केली, विचारलंस? नाही विचारलंस ना? मग खाली मान घालून ऐक, मी सांगतो." आणि सांगितलं. ताप आला तेव्हा बाकुलीने पाठीवर बांधून हिला अंत्सिराबेपर्यंत कसं नेलं, ही पहिलं वाक्य काय बोलली, सगळं. तुला फैलावर घेताना मला कधीच शब्द शोधावे लागले नाहीत. लहानपणापासूनची सवय आहे ती.

पुढे मी पाण्याचा घोट घ्यायला थांबलो, तर तू सख्ख्या पुतणीचं नाव चुकवलंस! कुठल्या तरी भलत्याच मुलीला मागायला लागलास. मला पुन्हा तुझे कान धरून तिचं नाव कसं ठेवलं ते सांगावं लागलं. आणि शेवटी, मी होकार देण्याच्या जरा आधी विसावलो, तर तू मेंढीऐवजी द्यायचं मानाचं पैशांचं पाकीट परस्पर पुढे सरकवलंस, जसा काही सौदा झालाच. तीनदा दंड! तुकीची आजी एवढी गंभीर बाई, तीसुद्धा म्हणाली, "हा तानाचा मास्तर? याच्यापेक्षा आमचा बैलगाडीवाला नीट बोलतो." अंगण हसून हसून लोळलं. तुझे बँकवाले शिष्य फोन धरून चित्रण करत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फोन खाली घेतले.

लोक म्हणतात, अशी कबारी बेताफूत कैक वर्षांत झाली नाही. रांद्रियाने तानाच्या मास्तरला उभा सोलला, म्हणतात. मी ऐकून घेतो. पण मला त्यात गंमत वाटत नाही, कारण दंड भरताना तू टोपी काढलीस आणि हसलास. मी पाहिलं. हरलेला माणूस असा हसत नाही. तू माझी, माझ्या मुलीची आणि बाबांच्या विद्येची चेष्टा केलीस. कशासाठी, ते लिहून कळव. गोड लिहू नकोस.

रांद्रिया


बेताफू, २० जुलै

ताहिरी,

'चुकलो, दादा. शहरात राहून जीभ गंजली.' एवढंच तुझं उत्तर. खोटं आहे. ज्याने बाकुलीच्या आईचं माहेर लक्षात ठेवलं, तो पुतणीचं नाव विसरतो?

काल हिराना आणि तुकी आले होते, त्या मागणीनंतर ती सासरी गेली तेव्हापासून पहिल्यांदा. जेवणं झाल्यावर मी तुकीला म्हटलं, "त्या दिवसाचं काढलंय ना फोनवर? दाखव. तुमच्या मास्तरला मी कसा धरला ते मला एकदा बघायचंय." हिराना म्हणाली, "राहू दे ना, बाबा." त्यावरून मला जास्तच संशय आला. दाखवायला लावलं.

एक म्हातारा उभा होता. बरा बोलत होता. मग थांबला. तोंड उघडंच राहिलं. हात शालीचं टोक चाचपत होता, जसं काही तिथे बांधून ठेवलंय. एक बाई खोकली. मूल रडलं, त्याला बाहेर नेलं. कोंबडा आरवून गेला. म्हातारा तसाच.

"हे पुढे का सरकत नाही?" मी विचारलं. "अडकलं का?"

तुकी म्हणाला, "अडकलं नाही, बाबा. चालूच आहे."

मी आणखी पाहिलं. मग चित्रात तू आलास. तू माझ्याकडे बघत होतास. बाबांनी बांधावर उभं केलं की माझी पाळी असताना बघायचास तसा, माझ्याबरोबर ओठ हलवत. मग ओठ थांबले. तू आपल्या शिष्यांकडे एकदा पाहिलंस, कडू औषध घेताना मिटतात तसे डोळे मिटलेस आणि गाडीचं ते ओरडलास.

बाकीच्या दोन्ही वेळा पाहिल्या. तेच. पाण्याचा पेला तर माझ्या हातातच नव्हता.

हिराना शेजारी बसून रडत होती. मी विचारलं, "काकाला तू बोलावलंस ना?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाबांना बसा म्हणायची माझी छाती नाही. तेच बोलणार, मलाही तेच हवेत. फक्त समोर तुम्ही बसा, काका. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."

ताहिरी, माझ्याच अंगणात, माझ्याच माणसांनी, माझ्या पाठीमागे हे सगळं केलं. मला राग यायला हवा होता. मी बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकलो आणि पोर रडावं तसा रडलो.

मग तुकीने उरलेलं सांगितलं. तुझ्या एका शिष्याने तेवढाच तुकडा सगळ्या तानाभर पाठवला. लोक 'आमची गाडी चुकेल' म्हणत तुझी नक्कल करतात. निम्मा वर्ग सोडून गेला. बोलणाऱ्यांच्या मंडळाने तुला शिकवण्यावरून दूर केलंय, आणि तू त्यांना तेच सांगितलंस, जीभ गंजली. एकदाही माझं नाव घेतलं नाहीस.

बाकुली मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्याने आजाराला नाव दिलं. ते नाव मला आत्ता आठवत नाही. विनोद म्हणून लिहिलं नाही. तो म्हणाला, हे वाढत जाणार. म्हणजे जे करायचं ते आत्ताच.

तुझा वर्ग रविवारी असतो, हे मी काढलंय. उरलेल्या शिष्यांना बोलव, सोडून गेलेल्यांना बोलव, त्या मंडळाच्या म्हाताऱ्यांनाही बोलव. मी येतोय. त्यांच्यासमोर उभा राहून सांगणार आहे की त्या दिवशी शब्द माझे हरवले होते, आणि माझ्या भावाने भर अंगणात आपली अब्रू काढून माझ्या पायाखाली अंथरली. तुझी एकही चूक चूक नव्हती. मी आयुष्यात याहून चांगली कबारी ऐकलेली नाही.

तू मला अडवशील, हेही मला माहीत आहे. गाडीच्या थांब्यावर येशील, घरी नेशील, जेवू घालशील आणि आज वर्ग नाही म्हणशील. बायकोलाही शिकवून ठेवशील. म्हणून कुठल्या गाडीने येतो ते लिहीत नाही. बाकुली बरोबर आहे. तिला फितवायचा प्रयत्न करू नकोस, या वेळी ती माझ्या बाजूने आहे.

बोलता बोलता मी थांबेन. या वेळी आधीच सांगतो, तो थांबा मुद्दाम घेतलेला नसेल. किती वेळ लागेल ठाऊक नाही. तुझे शिष्य चुळबुळ करतील, कुणी खोकेल, आणि तुझे डोळे मिटायला लागतील. मिटू नकोस. एकही चूक करायची नाहीस, ताहिरी. टोपी डोक्यावर ठेवून गप्प बसून राहा. थांबलेला मी त्यांना दिसू दे.

तुझा दादा,
रांद्रिया